माँतेनच्या मनोऱ्यापर्यंत : बोर्दो, सारला आणि द्राक्षांच्या वाटेवरचे पाच दिवस

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीकडे तुलूझला गेलो होतो. तिने आमच्यासाठी पॅरिसची यादी करून ठेवली होती. मी म्हटलं, पॅरिस पुढच्या खेपेला, मला आधी माँतेनचा मनोरा बघायचाय. माँतेन म्हणजे सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार, आणि मनोरा ही त्याची लिहायची जागा. ती काही बोलली नाही. त्यामागचं कारण तिला ठाऊक होतं.

मी तासगावला ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. युरोपातल्या प्रबोधनकाळाचा धडा दरवर्षी यायचा. छापखाना, लिओनार्दो, कोलंबस, आणि फळ्यावर 'मानवतावाद' लिहून त्याखाली दोन रेघा. पण धैर्य म्हणजे काय, चांगुलपणा कशाला म्हणायचं, माणसाचा स्वभाव कसा ओळखायचा, यावर त्या काळच्या माणसांनी काय विचार केला होता, ते मी मुलांना कधी सांगितलं नाही. मलाच ते माहीत नव्हतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझी मैत्रीण गेली. आमच्याच शाळेत मराठी शिकवायची. स्टाफरूममध्ये २२ वर्षं आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या. दवाखान्यातून तिचा फोन आला, "तू येऊ नकोस गं, तुला शुगर आहे." मी फाटकापर्यंत गेले आणि आत गेले नाही. शेवटचं सगळं नगरपालिकेच्या दोन पोरांनी केलं. त्याच उन्हाळ्यात लेकीने मला माँतेनच्या निबंधांचं इंग्रजी भाषांतर पाठवलं. मैत्रीवरचा निबंध वाचला आणि पुढे महिनाभर ते पुस्तक मी उघडलं नाही. नंतर उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

शनिवार : बोर्दो

तुलूझहून बोर्दो रेल्वेने दोन-सव्वादोन तास. संध्याकाळी पोचलो, सामान टाकलं आणि गारोन नदीच्या काठाने चालत सुटलो. नदीचं पाणी आपल्या कृष्णामाईला पावसाळ्यात असतं तसं, दुधाळ चहाच्या रंगाचं. काठावरच्या मोठ्या चौकासमोर काळ्या दगडी फरशीवर बोटभर पाणी सोडलेलं असतं आणि त्यात सगळ्या इमारती उलट्या दिसतात. उघडीनागडी पोरं त्यात धावत होती. नऊ वाजून गेले तरी उकाडा हटत नव्हता.

खाण्यातली इथली खूण म्हणजे 'कानले'. तांब्याच्या साच्यात भाजलेला, बाहेरून जळकट साखरेचा कडक आणि आतून खरवसासारखा मऊ केक. त्यात अंडं आणि रम दोन्ही असतं, त्यामुळे न खाणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावं. आणि चॉकलेट घातलेल्या पावाला या भागात 'शोकोलातीन' म्हणायचं. मी पॅरिसकडचं नाव घेतलं, तर बेकरीतल्या बाईंनी हसतहसत पण ठामपणे मला दुरुस्त केलं.

रविवार : घंटा, चिलखत आणि एक पत्र

महिन्याचा पहिला रविवार होता. बोर्दोच्या जुन्या वेशीवर दोन गोल बुरुजांच्या मधोमध एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. ७,८०० किलो वजन, १७७५ साली ओतलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता ती वाजवतात. पूर्वी आग लागली की वाजायची आणि द्राक्षतोडणी सुरू करायची दवंडीही हीच द्यायची. आमच्या ह्यांनी हे ऐकलं आणि बारा वाजायच्या आधी अर्धा तास त्यांनी आम्हाला खाली नेऊन उभं केलं. पहिला ठोका पडला तेव्हा तो कानांच्या आधी छातीला जाणवला.

या जागेवर आधीही घंटा होती. १५४८ मध्ये मिठावरच्या कराविरुद्ध बोर्दोत दंगल उसळली. राजाने मग सैन्य पाठवून शहराला जबर शिक्षा केली आणि शहराच्या घंटाही काढून नेल्या. त्या दंगलीत राजाचा अधिकारी मोनँ जमावाच्या हातून मारला गेला. माँतेन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. लहानपणी पाहिलेला हा प्रसंग त्याने पुढे निबंधात लिहिला. लोक म्हणाले, मोनँने सुरक्षित जागा सोडून जमावापुढे जायलाच नको होतं. माँतेन म्हणतो, चूक बाहेर पडण्यात नव्हती. तो अजिजीने, मऊ पडून सामोरा गेला आणि घेतलेला आव मध्येच त्याच्याकडून गळून पडला, हे त्याला भोवलं.

त्याच निबंधात पुढे तो स्वतःची गोष्ट सांगतो. शहरातल्या शिपायांचं संचलन व्हायचं होतं आणि काही तुकड्या उलटणार अशी कुणकुण होती. कुणी म्हणालं, सलामीला बंदुकीची दारू कमीच द्या. माँतेनचं मत उलट पडलं. संशय दाखवूच नका, ताठ मानेने आणि मोकळ्या चेहऱ्याने रांगांतून चला, आणि शिपायांना सांगा की पाहुण्यांच्या मानासाठी बार दणक्यात उडू द्या. तसंच केलं. ज्यांच्यावर संशय होता त्यांना तो मान वाटला आणि दोन्ही बाजूंचा विश्वास वाढला. पंधराव्या वर्षी जे भेदरलेलं माणूस त्याने पाहिलं होतं, त्याचं उत्तर त्याने पन्नाशीत दिलं असं मला वाटतं. कुठल्या लढाईच्या वर्णनापेक्षा धैर्याचा हा अर्थ मला जवळचा वाटतो. समोरच्याला माणूस समजून त्याच्या पुढ्यात चेहरा उघडा ठेवायचा.

दुपारी आकितेन संग्रहालयात गेलो. माँतेनचं समाधिशिल्प इथे आहे. १५९२ मध्ये तो गेल्यावर त्याच्या बायकोने, फ्रान्स्वाझने, ते करवून घेतलं. दगडातला माणूस उताणा झोपलाय, हात जोडलेले, अंगात पायापर्यंत चिलखत, शिरस्त्राण उशाशी आणि पायाशी एक छोटा सिंह. मी बराच वेळ त्या सिंहाच्या पंजांकडे पाहत राहिले, कारण चेहऱ्याकडे पाहून काही उमगत नव्हतं. आधी न्यायालयात आणि मग पुस्तकांत रमलेला हा माणूस. शौर्य हातापायांच्या बळात नसतं, काळजात आणि मनात असतं, असं लिहून गेलेला. त्याला शेवटी लोखंडात झोपवलंय. सरदाराला असंच निजवायची तेव्हाची रीत होती, हे कळतं. तरी त्याचे हातमोजे काढून बाजूला ठेवलेले दिसले तेव्हा बरं वाटलं.

याच संग्रहालयात बोर्दोच्या गुलामांच्या व्यापारावर दालनं आहेत. ती टाळू नका. काठावरच्या त्या सुंदर इमारतींचा पैसा कुठून आला ते इथे कळतं. अमेरिकेत स्पेनने केलेल्या कत्तलींबद्दल माँतेनने तीव्र शब्दांत लिहिलं होतं. त्याच्याच गावाने पुढच्या शतकांत ही जहाजं हाकली. एका माणसाने शहाणपण लिहून ठेवलं म्हणून त्याचं गाव शहाणं होत नाही. शाळेत मी हा धडा कधी घेतला नव्हता.

रात्री लेकीने मला माँतेनचं एक पत्र वाचून दाखवलं. तो १५८१ पासून चार वर्षं बोर्दोचा महापौर होता. १५८५ च्या उन्हाळ्यात शहरात प्लेग आला आणि हजारो माणसं मेली. त्याची मुदत जुलैअखेरीस संपत होती. नव्या महापौराच्या निवडीला हजर राहणं हे त्याचं शेवटचं काम. ३० जुलैला त्याने लिबुर्नहून शहराच्या कारभाऱ्यांना लिहिलं की शहराची अवस्था वाईट आहे, चांगल्या हवेतून येणाऱ्याला तर धोका जास्तच. तेव्हा मी येण्याने होणारं काम त्या धोक्याच्या मोलाचं आहे का, ते तुम्हीच ठरवा. नदीपलीकडे जवळात जवळ येऊन थांबतो. तो आत गेला नाही.

"आई, बंद करू?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, पुन्हा एकदा वाच.

सोमवार : सारलाची गाडी

बोर्दोहून सारलाला थेट लोकल गाडी जाते, पावणेतीन तासांच्या आसपास. दिवसात मोजक्याच गाड्या असतात, त्यामुळे वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि पाणी-खाणं सोबत घ्या. पहिलं मोठं स्टेशन लिबुर्न. गाडी दोन-तीन मिनिटं थांबली. खिडकीतून सायकलींचा स्टँड, एक बंद पडलेलं घड्याळ आणि कॉलेजची पोरं दिसली. ते पत्र लिहिलं गेलं ते हेच गाव. बोर्दो इथून गाडीने अर्ध्या तासावर. घोड्यावरून आलं तरी एका दिवसाची वाट.

पुढे दोर्दोन्य नदी आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. आमचे हे खिडकीला नाक लावून बसले. "मंडप नाहीच गं कुठं. सगळं तारेवर आणि कमरेइतकंच. आपल्या बागेत माणूस उभ्यानं घड काढतो, इथं दिवसभर वाकायचं." तासगावात आमची दीड एकर बाग आहे, थॉमसन आणि थोडी सोनाका. बेदाण्याची शेड शेजारच्यांसोबत भागीत आहे. तारा, खुंट, दोन ओळींतलं अंतर असं सगळं ते मोजत होते. एका ठिकाणी पानांवर डाऊनी हा बुरशीचा रोग दिसला तर त्यांना केवढं हायसं वाटलं. इथल्या शेतकऱ्यालाही तोच त्रास आहे म्हणून.

सारलाचं स्टेशन गावाबाहेर आहे, वीसेक मिनिटं चालत उतरावं लागतं. गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं. १९६२ च्या कायद्याने फ्रान्सने जुनी गावं जशीच्या तशी जपायला सुरुवात केली, त्यात अगदी आधी दुरुस्त झालेलं हे गाव. रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस आला. दगडी छपरांवरून पाण्याच्या चादरी उतरत होत्या आणि घरमालकीणबाई दारातून ओरडून विचारत होत्या की खिडक्या लावल्या का.

मंगळवार : मित्राचं घर

माँतेनचा जिवलग मित्र ला बोएसी या गावचा. १५३० साली जन्मलेला, माँतेनपेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठा. कॅथेड्रलच्या समोरच त्याच्या वडिलांनी १५२५ च्या सुमारास बांधलेलं घर आहे. खिडक्यांना नक्षीच्या चौकटी आणि गोल पदकं, इटलीहून तेव्हा नुकती आलेली तऱ्हा. आत जाता आलं नाही. खाली पायरीवर एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. पूर्वी पोस्टात होते म्हणाले. लेकीने सांगितलं की आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत, तर ते काठी टेकत उभेच राहिले.

"इथे फोटो सगळे काढतात," ते म्हणाले, "पण याने काय लिहिलं ते विचारा कुणाला." मग त्यांनी एक वाक्य पाठ म्हणून दाखवलं, शाळेत कविता म्हणतात तसं, मान थोडी वर करून. त्याचा अर्थ असा : यापुढे चाकरी करायची नाही एवढं मनाशी ठरवा, की झालात मोकळे. ला बोएसीने हे लिहिलं तेव्हा तो विशीच्या आत होता, असं माँतेन सांगतो. जुलमी राजालाही दोनच डोळे आणि दोनच हात असतात, तो तुमच्यावर नजर ठेवतो ते तुमच्याच डोळ्यांनी. त्याला ढकलायची गरज नाही, फक्त आधार काढून घ्या, पुतळ्याचा पाया काढल्यावर तो जसा आपल्याच वजनाने कोसळतो तसा तो पडेल. 'असहकार' हा शब्द मुलांना समजावताना मी किती खडू झिजवले असतील. सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी एका कॉलेजातल्या पोराने तो इतका सोपा करून ठेवला होता.

माँतेन आणि तो बोर्दोच्या न्यायालयात एकत्र काम करत. मैत्री जेमतेम चार-पाच वर्षांची. १५६३ च्या ऑगस्टमध्ये ला बोएसी आजारी पडला, पोट गेलं आणि उतारच पडेना. त्याचं घर सोडवून त्याला बोर्दोजवळच्या एका घरी ठेवलं होतं. तो माँतेनला म्हणाला, माझा आजार थोडा सांसर्गिक आहे, तेव्हा थोडा थोडा वेळच येत जा, पण जमेल तितक्या वेळा ये. माँतेनने वडिलांना लिहिलेल्या पत्रात हे सगळं आहे. त्यानंतर तो मित्राला सोडून कुठे हलला नाही. शेवटच्या रात्री ला बोएसी सारखं म्हणत होता, मला जागा द्या, मला जागा द्या. १८ ऑगस्टच्या पहाटे तीनच्या सुमारास तो माँतेनचं नाव घेऊन गेला. वय ३२.

पुढे कितीतरी वर्षांनी, छापलेल्या निबंधाच्या समासात माँतेनने शाईने एक वाक्य घातलं. आमची मैत्री का होती ते विचाराल तर, कारण तो तो होता. आणि मग वेगळ्या शाईने पुढे, कारण मी मी होतो. ती हस्तलिखित समासांची प्रत बोर्दोच्या ग्रंथालयात जपलेली आहे. लेकीने लॅपटॉपवर तिचं चित्र मोठं करून दाखवलं. त्या दोन ओळींमधली मोकळी जागा मी सारखी पाहत होते. पहिलं अर्धं वाक्य लिहून तो उठला असेल आणि कुठल्या तरी दुसऱ्याच दिवशी परत येऊन बसला असेल.

म्हणजे हाच माणूस. १५६३ मध्ये त्या उशापासून हलला नाही आणि १५८५ मध्ये त्या वेशीच्या आत गेला नाही. त्या पत्राबद्दल निबंधांत तो काही बोलत नाही. पण माणूस हा सगळा तुकड्यातुकड्यांचा असतो, कालचा शूर आज भित्रा दिसला तर नवल करू नका, त्याला काल राग, गरज किंवा सोबत होती म्हणून धीर आला, असं त्याने एका निबंधात स्पष्ट लिहिलंय. त्या पायरीवर बसून मी मनातल्या मनात दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या. पोस्टातले आजोबा जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले. लेकीने त्याचं भाषांतर केलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शाकाहारी मंडळींनी इथे फार जपावं. 'सारलाचे बटाटे' म्हणून लसूण घातलेले खरपूस बटाटे सगळीकडे मिळतात आणि दिसतात अगदी आपल्या काचऱ्यांसारखे, पण ते बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत तळतात. आम्ही अक्रोडाचा केक, बकरीच्या दुधाचं चीज, टोमॅटो आणि पाव यांवर दोन दिवस छान काढले. अक्रोडाचं तेल मात्र जरूर घ्या. छोटी बाटली मिळते, वास भाजलेल्या शेंगदाण्यांच्या जवळचा.

बुधवार : मनोरा

सकाळी सारलाच्या आठवडी बाजारातून धावत जाऊन गाडी पकडली आणि कास्तियोंला उतरलो. इथून सँ-मिशेल-द-माँतेन हे खेडं दहा किलोमीटरच्या आत आहे, पण बस नाही. टॅक्सी आधी ठरवावी लागते. मनोरा आठवड्यातले सगळे दिवस उघडा नसतो आणि वाटाड्यासोबतच आत सोडतात, तेव्हा वार आणि वेळ पाहूनच निघा. गाइड फ्रेंचमध्ये बोलतात. आमच्या गाइडबाई तरुण होत्या आणि लेक हळूहळू सांगते आहे हे पाहून दर वाक्यानंतर आमच्यासाठी थांबत होत्या.

माँतेनचं मूळ घर १८८५ मध्ये आगीत गेलं, नंतर नवं बांधलं. कोपऱ्यावरचा गोल मनोरा तेवढा वाचला. खाली छोटं देवघर, भिंतीवर राक्षसी सर्पाला मारणारा देवदूत मिकाएल. वरच्या मजल्यावर निजायची खोली. आजारपणात पलंगावरूनच प्रार्थना ऐकू यावी म्हणून भिंतीतून खाली फट ठेवलेली. पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या खोलगट झाल्यात. त्या झिजेत त्याच्या पावलांचाही वाटा असणार, म्हणून मी मुद्दाम मधूनच चढले.

सर्वांत वर ग्रंथखोली. सोळा पावलांची आहे असं त्याने लिहिलंय. ह्यांनी मोजली, त्यांची पंधरा भरली. १५७१ मध्ये, आपल्या ३८ व्या वाढदिवशी, तो न्यायालयाची नोकरी सोडून इथे येऊन बसला. भिंतीला वळत जाणाऱ्या पाच फळ्यांवर हजारभर पुस्तकं होती. आज त्यातलं एकही इथे नाही. पण मान वर केली की कडीपाटावर अक्षरं आहेत. तुळयांवर आणि आडव्या वाशांवर त्याने साठच्या आसपास ग्रीक-लॅटिन वचनं रंगवून घेतली होती. काही ठिकाणी जुनं वचन पुसून नवं लिहिलेलं, आणि खालचं अजून पुसट दिसतं. गाइडबाईंनी टेरेन्स या रोमन नाटककाराचं वचन बोटाने दाखवलं. मी माणूस आहे, माणसाचं काहीच मला परकं नाही. मी वाशाच्या खाली जाऊन उभी राहिले. लाकडाला बारीक चीर गेली होती आणि ती बरोबर एका अक्षराच्या पोटातून गेली होती. इतकी वर्षं ज्या शब्दाखाली मी फळ्यावर दोन रेघा ओढल्या तो शब्द इथे डोक्यावर होता, हाताने लावलेल्या रंगात.

खिडकीतून खाली अंगण, बाग आणि त्यापलीकडे द्राक्षं. गाइडबाई म्हणाल्या, बाराव्या प्रकरणातलं ते इथूनच. तिसऱ्या भागातल्या त्या निबंधात तो प्लेगबद्दल लिहितो, पण बोर्दोच्या नाही, आपल्या घरच्या. १५८६ मध्ये कास्तियोंला वेढा पडला होता, पाठोपाठ साथ आली. माँतेन घरच्यांना घेऊन सहा महिने दारोदार फिरला, कुणी ठेवून घेईना. कुणाचं नुसतं बोट दुखलं तरी मुक्काम हलवावा लागे. आणि मागे राहिलेल्या कुळांबद्दल तो लिहितो. द्राक्षं हे या मुलखाचं सोनं, ती वेलीवरच लटकत राहिली. धडधाकट माणसं आपली कबर खणत होती, काही जण जिवंतपणी तिच्यात जाऊन पडत होते. त्याच्याच एका मजुराने मरतामरता हातापायांनी स्वतःवर माती ओढून घेतली. रडारड नाही, ओरड नाही.

आपण ज्ञानाची एवढी शस्त्रं कशाला गोळा करतो, तो विचारतो. शेतात मान खाली घालून राबणाऱ्यांकडे पाहा. त्यांनी ना अॅरिस्टॉटल वाचलाय ना केटो. माझी बाग खणतोय त्याने आज सकाळीच बाप नाहीतर पोर पुरलंय. चार भिंतींना पुस्तकं लावून बसलेला, लॅटिन हीच ज्याची पहिली बोली होती असा हा माणूस या खिडकीतून खाली बघून हे लिहितो. त्याच्या वडिलांनी बारशाला त्याला गावातल्या सर्वांत गरीब माणसांच्या हातात दिलं होतं आणि तान्हेपणी खेड्यातल्या दाईकडे ठेवलं होतं. त्या हातांची ओळख त्याला शेवटपर्यंत राहिली, असं मी मानते. मला त्या क्षणी नगरपालिकेची ती दोन पोरं दिसली. निळे गाऊन, आणि एकाच्या पायात फाटकी स्लीपर. त्यांची नावं मी विचारली नव्हती.

बाहेर आलो तर परतीची ठरवलेली टॅक्सी आलीच नाही. तासभर वाट पाहिली, फोन लागेना. ऊन कडक होतं. शेवटी चालत निघालो. रस्त्याला लागून पांढऱ्या द्राक्षांची तोडणी चालली होती. बहुतेक बागा आता यंत्राने तोडतात, इथे मात्र सात-आठ माणसं ओळीत वाकून हाताने तोडत होती. हे न राहवून थांबले. एक मोरोक्कोहून आलेला पन्नाशीचा मजूर पाठ धरून सरळ झाला आणि ह्यांच्याकडे बघून हसला. ह्यांनी आपल्या हातावर घड धरल्याची खूण करून दाखवली. त्याने कात्री पुढे केली. लाल मुठीची, पात्याला चीक सुकून काळा झालेला. ह्यांनी देठ डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून, मण्यांना हात न लावता, एका कापात घड उतरवला आणि क्रेटमध्ये अलगद आडवा ठेवला. चारपाच जण मान वर करून बघू लागले. कुठला, असं त्याने विचारलं असावं. "तासगाव," हे म्हणाले, दुसरं काही त्यांना सुचलंच नाही, आणि त्यानेही मान डोलावली.

कामाची सुट्टी झाली तेव्हा त्यांच्या व्हॅनमधून त्यांनी आम्हाला कास्तियोंच्या स्टेशनवर सोडलं. पैसे घेतले नाहीत. उतरताना त्या माणसाने कागदात गुंडाळलेला एक घड माझ्या हातात दिला.

गाडीला चाळीस मिनिटं होती. लेक फलाटाच्या टोकाला जाऊन फोनवर बोलत होती. आम्ही दोघं बाकावर द्राक्षं खात बसलो. साल जाड, गोडी उग्र, आणि प्रत्येक मण्यात दोन-तीन बिया. हे बिया रुमालात जमा करत होते. मग मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशी फाटकापाशी तू किती वेळ होतीस?"

चार वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"साडेतीन तास," मी म्हटलं.

"मला वाटलं, लगेच परत फिरली असशील."

"ती दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून फाटक दिसत होतं."

त्यांनी रुमालाची गाठ मारली आणि उरलेला अर्धा घड माझ्या मांडीवर ठेवला. लिबुर्नकडची गाडी सहा मिनिटं उशिरा आली.